मिलोची भाकरी आणि जालन्याचं वांगं

न्यूअर्क अ‍ॅव्हेन्यूवरच्या दुकानात वांगं हातात घेतलं की मी ते देठापासून खालपर्यंत फिरवून बघतो. कुठं बारीकसं भोक दिसलं की परत ठेवतो. जर्सी सिटीत येऊन मला जवळजवळ चाळीस वर्षं झाली, पण ही सवय गेली नाही. सौभाग्यवतींचं म्हणणं असं की इथल्या वांग्यांत अळी निघत नाही, तेव्हा उगाच रांग अडवू नका. त्यांचं बरोबर आहे. पण ज्याच्या घरी वांग्याचं वावर होतं त्याचा हात आपोआप फिरतो.

काही वर्षांपूर्वी मी असाच वांगी निवडत असताना शेजारी उभे असलेले एक गृहस्थ हसले. ते बांगलादेशचे, रंगपूरकडचे. त्यांच्या घरीही वांग्याची शेती. ते म्हणाले की त्यांचा भाऊ आता बीटी वांगं लावतो, त्यात अळी पडत नाही, फवारणी फार कमी करावी लागते. वर म्हणाले, "हे तंत्र तर तुमच्या इंडियातूनच आलं."

इंडियातून म्हणजे कुठून, ते मला चांगलं माहीत होतं. जालन्याहून. माझ्या गावापासून सात कोसांवरून. आणि त्याच जालन्याच्या शेतकऱ्याला ते वांगं लावायची परवानगी नाही. ती मिळू नये म्हणून २०१० साली इथं जर्सी सिटीत बसून ज्यांनी एका पत्रावर सह्या केल्या, त्यांत माझीही सही आहे.

त्या सहीबद्दल लिहावं म्हणून हा लेख. पण सही २०१०ची असली तरी गोष्ट सुरू होते ती १९७२ पासून. वाचकांनी थोडा धीर धरावा ही विनंती.

लाल भाकरी

माझा जन्म १९६१ चा. जालना तेव्हा जिल्हा नव्हता, औरंगाबाद जिल्ह्यातला एक तालुका होता. जिल्हा झाला १९८१ साली. १९७० पासून पावसानं ओळीनं दगा दिला आणि ७२ साली आमच्या विहिरीच्या तळाचा खडक उघडा पडला. अण्णांनी बैलजोडी विकली. मग माय आणि अण्णा दोघंही दुष्काळी कामावर खडी फोडायला जाऊ लागले. काल ज्यांच्या शेतात मजूर राबत होते ते आणि ते मजूर एकाच रांगेत बसून दगड फोडत होते. १९७३ च्या मे महिन्यात महाराष्ट्रात अशा कामांवर जवळजवळ पन्नास लाख माणसं होती.

कामावर सुकडी मिळायची आणि रेशनवर मिलो. मिलो म्हणजे अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी. तिची भाकरी थापताना चिरायची, तव्यावर लालसर काळपट व्हायची आणि चवीला मातीसारखी लागायची. अमेरिकेत ही गुरांना घालतात असं गावात सगळे म्हणत. इथं आल्यावर कळलं की ते खरंच होतं. आमच्या पिढीतल्या मराठवाड्याच्या माणसापुढं 'मिलो' म्हणून पाहा, त्याचं तोंड अजून वाकडं होईल. पण ती भाकरी खाऊन आम्ही पाचही भावंडं जगलो, हेही तितकंच खरं.

पुढं अमर्त्य सेन आणि ज्याँ द्रेझ यांच्या लिखाणात या दुष्काळाबद्दल वाचलं. धान्याचं उत्पादन कोसळलं असतानाही महाराष्ट्रात मोठे भूकबळी झाले नाहीत, याचं मुख्य कारण लोकांच्या हातात पडलेली मजुरी, असं त्यांचं म्हणणं आहे. धान्य दुकानात असून उपयोग नाही, ते विकत घ्यायला पैसा हवा. वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना त्या दुष्काळात पक्की झाली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. 'कोणत्या बियाण्यानं लोकांची पोटं भरली' असं कोणी विचारलं की मला आधी मायच्या हातातला हातोडा आठवतो, तो म्हणूनच.

हायब्रीड

म्हणजे बियाण्याला महत्त्व नाही का? तसंही नाही. दुष्काळाच्या आधीपासून आमच्या घरात बियाण्यावरून कुरबुर चालू होती. १९६४ साली ज्वारीचं देशातलं पहिलं संकरित वाण, सीएसएच-१, बाहेर आलं. वसंतराव नाईक तेव्हा मुख्यमंत्री होते. महाराष्ट्र दोन वर्षांत अन्नधान्यात स्वयंपूर्ण झाला नाही तर मला फाशी द्या, असं त्यांनी पुण्याच्या जाहीर सभेत सांगितल्याची आठवण जुनी माणसं सांगतात. ग्रामसेवक घरोघरी हिंडून हायब्रीडची पिशवी घ्या म्हणून गळ घालत.

अण्णांनी घेतली. ज्वारी कमरेएवढीच वाढली, पण कणसं गच्च भरली. माय मात्र नाराज. भाकरीला गोडवा नाही. पीक लवकर निघतं, त्यामुळं कणीस पावसात सापडून दाणा काळा पडतो. कडबा आखूड, बैल तोंड लावत नाहीत. थोड्याच वर्षांत 'हायब्रीड' हा शब्द अशक्त, निःसत्त्व अशा अर्थानं बोलीत रुजला. आजारी पोराला म्हातारी माणसं म्हणायची, हायब्रीड खाऊन वाढलेलं ते. तरी खरिपाला हायब्रीड आणि रब्बीला घरच्यासाठी मालदांडी असा तोडगा अण्णांनी काढला, कारण पोती मोजली की हायब्रीडची जास्त भरायची. एकच बोच त्यांना कायम राहिली. पूर्वी ते पेवातलं निवडक कणीस बियाण्याला ठेवत. हायब्रीडचं बी घरी धरता येत नाही, पुढच्या पिढीत ते फुटतं. दरसाल दुकानात जावं लागतं.

या संकराच्या शास्त्राचा एक धागा आपल्या न्यू जर्सीतून जातो. मक्याच्या दोन शुद्ध वाणांचा संकर केला की पहिली पिढी दोन्हींपेक्षा जोमदार निघते, हे १९०८ च्या सुमारास जॉर्ज शल यांनी दाखवलं. पुढं ते बरीच वर्षं प्रिन्स्टनला प्राध्यापक होते. मक्याचा तुरा वेगळा आणि कणीस वेगळं, त्यामुळं तुरा खुडला की संकर सोपा. ज्वारीत नर आणि मादी एकाच इवल्याशा फुलात. हातानं संकर करायचा तर एकरभर बियाण्याला आयुष्य पुरणार नाही. ही अडचण १९५० च्या दशकात टेक्सासमध्ये सुटली. मिलो आणि काफिर या दोन प्रकारच्या ज्वाऱ्यांच्या संकरातून स्टीफन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांना अशी झाडं मिळाली, की ज्यांच्यात परागच तयार होत नाहीत. अशी झाडं मादी म्हणून लावायची, शेजारी दुसऱ्या वाणाच्या ओळी लावायच्या, बाकीचं काम वारा करतो. आपल्या सीएसएच-१ ची मादी याच वंशातली.

हे मी इथल्या लायब्ररीत वाचलं तेव्हा पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिलो. ज्या मिलोला आम्ही नावं ठेवली तिचा अंश अण्णांच्या वावरात ७२ च्या आधीच येऊन बसला होता.

जालन्याची बियाणं

त्याच १९६४ साली जालन्यात बद्रीनारायण बारवाले यांनी महिको ही बियाणं कंपनी काढली. त्याआधी त्यांनी दिल्लीच्या संशोधन संस्थेतून निघालेल्या पुसा सावनी या भेंडीचं बियाणं आपल्या शेतावर तयार केलं होतं. पुढं संकरित ज्वारी, बाजरी, कापूस असा पसारा वाढला. १९९८ साली बारवाल्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. २०१७ साली ते वारले.

जालन्याच्या आसपासच्या गावांना यातून एक नवा धंदा मिळाला, सीड प्लॉट. कंपनी मूळ बी देणार, शेतकऱ्यानं आपल्या रानात संकर करून बियाणं पिकवायचं. कापसाच्या प्लॉटवर दुपारनंतर बायका उद्या उमलणाऱ्या कळ्यांमधले परागकोश नखानं काढत आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नरफुल त्यावर फिरवत. मायची नखं त्या दिवसांत कायम पिवळी असायची. माझ्या इंजिनिअरिंगची फी त्या पैशांतून गेली. १९८६ साली मी जर्नल स्क्वेअरजवळच्या दोन खोल्यांत येऊन पोचलो, त्या विमानाच्या तिकिटातही थोडा सीड प्लॉट होता. तेव्हा या विषयात मी त्रयस्थ आहे असं वाचकांनी मानू नये.

आता जनुकाची गोष्ट. मातीत बॅसिलस थुरिंजिएन्सिस नावाचा जीवाणू असतो, त्याचंच लघुरूप बीटी. त्याचं एक प्रथिन अळीच्या पोटात गेलं की तिथल्या आतड्याला चिकटून छिद्रं पाडतं आणि अळी मरते. माणसाच्या पोटात ते आम्लात पचून जातं आणि ते चिकटायला लागणारी जागाही आपल्या आतड्यात नसते. या जीवाणूची भुकटी जगभर फवारणीसाठी कित्येक वर्षं वापरात होतीच. नव्या तंत्रात त्या प्रथिनाचं जनुक पिकाच्याच पेशीत घातलं. अमेरिकेत बीटी मका आणि बीटी कापूस १९९६ साली शेतात आले. १९९८ साली मोन्सँटोनं महिकोचे २६ टक्के भाग घेतले आणि २६ मार्च २००२ रोजी भारतात बीटी कापसाला परवानगी मिळाली.

कापूस खात नाहीत, तेव्हा त्याचा अन्नाशी काय संबंध, असं वाटेल. पण सरकीचं तेल खाण्यात जातं, सरकीची पेंड म्हशी खातात आणि त्यांचं दूध आपण पितो. थोड्याच वर्षांत देशातला नव्वद टक्क्यांहून अधिक कापूस बीटी झाला. सुरुवातीला हिरव्या बोंडअळीचा ताप उतरला, फवारण्या घटल्या, पीक वाढलं. आमच्या गावात सिमेंटची घरं उभी राहिली ती त्या वर्षांत. मग गुलाबी बोंडअळी त्या प्रथिनाला सरावली. २०१७ साली विदर्भ-मराठवाड्यात उभा कापूस तिनं पोखरला. त्याच साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. बीटी आली की फवारा संपला, असं ज्यांनी सांगितलं होतं त्यांना हे उत्तर मिळालं.

वांग्याची फाइल

वांग्याची सगळ्यात वाईट कीड म्हणजे शेंडा आणि फळ पोखरणारी अळी. ती एकदा फळात शिरली की वरून मारलेलं औषध तिच्यापर्यंत पोचत नाही. म्हणून शेतकरी ती शिरण्याआधी मारत राहतो. हंगामात वीस-पंचवीस फवारण्या ही नवलाची गोष्ट नव्हे. आमच्या घरी विहिरीजवळ दोन वाफे वेगळे असायचे. त्यांवर औषध मारायचं नाही, किडकं निवडून टाकायचं आणि ते घरच्या भाजीला. बाजारात जाणारं वांगं आम्ही खात नव्हतो. हे सांगताना आज संकोच वाटतो, पण तसंच होतं आणि तसं आमचंच घर नव्हतं.

जालन्याला तयार झालेल्या बीटी वांग्याला जनुक अभियांत्रिकी मान्यता समितीनं १४ ऑक्टोबर २००९ रोजी हिरवा कंदील दाखवला. देशभर गदारोळ झाला. पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी २०१० च्या जानेवारी-फेब्रुवारीत सात शहरांत जाहीर सुनावण्या घेतल्या, आपल्याकडे नागपूरला. विरोधकांचे मुद्दे पोकळ नव्हते. वांगं मूळचं आपल्या भागातलं, त्याचे शेकडो प्रकार, जळगावचं भरताचं वेगळं, कृष्णाकाठचं वेगळं. त्यांत पराग मिसळले तर? चाचण्या कंपनीनंच केल्या, मग तिसऱ्या कोणी तपासायला नकोत का? आणि बियाणं एका मुठीत गेलं तर? ९ फेब्रुवारी २०१० रोजी रमेश यांनी स्थगिती जाहीर केली. शास्त्रज्ञांत एकमत नाही, अनेक राज्यांचा विरोध आहे, स्वतंत्र अभ्यास हवा, अशी कारणं त्यांनी दिली.

त्याच जानेवारीत आपल्या मंडळाचा संक्रांतीचा कार्यक्रम होता. तिळगूळ वाटून झाल्यावर काही मित्रांनी एक पत्र फिरवलं, भारत सरकारनं बीटी वांग्याला परवानगी देऊ नये अशा आशयाचं. मी दोन मिनिटांत वाचून सही केली. मित्र भले होते, हेतू भला होता. ताटात भोगीची भाजी होती, तीत वांगी होती.

त्या रविवारी गावी फोन केला तेव्हा धाकट्या भावाला हे कौतुकानं सांगितलं. तो जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "दादा, तुम्ही तिथं काय खाता?"

फोन ठेवल्यावर मी स्वयंपाकघरात गेलो. कॉर्न ऑइलचा डबा. सोयाबीनचं तेल. मुलांचं मक्याचं सीरियल. १९९६ पासून इथला मका आणि सोयाबीन जनुक बदललेला येऊ लागला आणि पुढं बहुतेक सगळाच तसा झाला. चीज घट्ट करायला लागणारं विकर जनुक बदललेल्या जंतूंकडून करून घ्यायला इथं १९९० साली परवानगी मिळाली; गाईगुरांच्या पोटातलं विकर नको म्हणणाऱ्या आम्हा शाकाहाऱ्यांना ते सोयीचंच पडलं. हवाईत विषाणूनं पपईच्या बागा उठवल्या तेव्हा १९९८ पासून तिथं जनुक बदललेली पपई लावली. हे सगळं मी चौदा वर्षं खात होतो आणि कोणत्याही पत्रावर सही केली नव्हती. तसं लेबल लावणं इथं बंधनकारक झालं ते २०२२ साली.

पुढच्या वर्षी, २०११ च्या भाद्रपदात, भाऊ वांग्यावर औषध मारताना बांधावर कोसळला. वारा तोंडावर होता आणि तोंडाला नुसता रुमाल. तीन दिवस दवाखान्यात होता. इथं रात्रीचे दोन वाजलेले, वहिनींचा फोन आणि मला काही करता येईना. तो वाचला. सही त्याआधीची आणि स्थगिती काही माझ्या सहीनं आली नव्हती, हे मलाही समजतं. पण त्या रात्री भोगीची भाजी आठवली, ती अजून प्रत्येक संक्रांतीला आठवते.

रंगपूरचं वांगं

आता त्या बांगलादेशी गृहस्थांकडे परत येतो. जालन्याच्या कंपनीनं हे जनुक बांगलादेशाच्या सरकारी कृषी संशोधन संस्थेला दिलं. कॉर्नेल विद्यापीठाचं साहाय्य आणि अमेरिकन सरकारचा पैसा यांतून तिथल्या स्थानिक वाणांत ते उतरवलं गेलं. ३० ऑक्टोबर २०१३ रोजी परवानगी मिळाली आणि जानेवारी २०१४ मध्ये वीस शेतकऱ्यांना चार वाणांची रोपं देण्यात आली. २०१८ पर्यंत लावणारे सत्तावीस हजारांच्या घरात गेले. पुढच्या पाहण्यांत कीटकनाशकांचा खर्च बराच घटल्याचं आणि विकाऊ माल वाढल्याचं दिसलं.

मला त्यातली सर्वांत मोलाची वाटली ती दुसरीच गोष्ट. ही वाणं संकरित नाहीत. शेतकऱ्याला बी घरी धरता येतं. अण्णांची जी बोच होती तिचं उत्तर तिथं सरकारी संस्थेमुळं मिळालं. भारतातही धारवाड आणि कोईमतूरच्या कृषी विद्यापीठांत अशीच सरळ वाणं तयार होत होती. स्थगितीत तीही अडकली. २०१९ च्या जूनमध्ये अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहांगीर इथं शेतकरी संघटनेनं मान्यता नसलेला कापूस आणि बीटी वांगं उघडपणे लावून सत्याग्रह केला. दरम्यान २०२१ साली जनुक बदललेल्या सोयाबीनची पेंड कोंबड्यांसाठी आयात करायला परवानगी मिळाली. मोहरीचं प्रकरण २०२४ साली सर्वोच्च न्यायालयात दोन न्यायमूर्तींच्या मतभेदात अडकलं. मे २०२५ मध्ये भाताची दोन वाणं जाहीर झाली, पण त्यांत परकं जनुक नाही, भाताच्याच जनुकात दुरुस्ती आहे.

मग जनुक बदललेल्या पिकांनी जग जेवलं का? प्रामाणिकपणे सांगायचं तर जेवढा गाजावाजा झाला तेवढं नाही. इथल्या मक्यातला मोठा वाटा गुरांच्या आणि मोटारींच्या पोटात जातो. आपल्या देशाची कोठारं भरली ती गव्हा-भाताच्या साध्या सुधारित वाणांनी, कालव्यांनी आणि खतांनी. आणि ते धान्य गरिबाच्या घरी गेलं ते रेशन आणि मजुरीमुळं. पण वांग्यासारख्या पिकात हे बियाणं पिकवणाऱ्याच्या छातीत जाणारं विष आणि खाणाऱ्याच्या ताटात जाणारं विष कमी करू शकतं, हे शेजारच्या देशात दिसलं आहे. कापसानं हेही दाखवलं की सगळीकडं एकच बी लावून निर्धास्त बसलं तर अळी शिकते. बियाणं कोणाच्या हाती आहे, ते घरी धरता येतं का, त्यावर कोण लक्ष ठेवणार, हे प्रश्न जनुकाइतकेच मोठे आहेत. ते अण्णांना १९६५ साली पडले होते.

भावानं वांगी सोडली. आता मोसंबीची बाग आहे. विहिरीजवळचे दोन वाफे मात्र अजून आहेत. गेल्या वेळी गेलो तेव्हा वहिनींनी त्यातल्याच वांग्यांचं भरीत केलं होतं आणि बरोबर मालदांडीची भाकरी. दोन वांगी किडकी निघाली म्हणून फेकली.

संक्रांतीच्या कार्यक्रमात अजूनही पत्रं फिरतात, कधी या बाजूची, कधी त्या बाजूची. आपल्या मुलांनाही अशा गोष्टींवर सह्या मागितल्या जातात, कॉलेजात तर फारच. मी त्यांना एवढंच सांगतो की सहीच्या आधी आपल्या कपाटातले डबे वाचावेत आणि ज्याच्या शेताबद्दल पत्र आहे त्याला विचारावं. माझ्यापुढं पत्र आलं तर मी ते घरी आणतो आणि रविवारी भावाला वाचून दाखवतो. बहुतेक वेळा तो म्हणतो, "दादा, यातलं अर्धं बरोबर आहे." मग कोणतं अर्धं, यावर आमचं बोलणं तासभर चालतं.